ताटासमोरच्या चौकशा

माझी शाळा लहानपणीच सुटली ती सुटलीच. तरी आपलं आपल्याला लिहिता येते, म्हणून दुसऱ्याला सांगून लिहून घेत नाही. अक्षर वाकडं असेल, पण माझं आहे.

आमचं गाव कारंज्याच्या जवळच. विहिरीच्या पाण्यावर वांगी, मेथी, भेंडी लावतो. सकाळी मी भाजी कारंज्याला नेतो, लिलाव झाला की दिवसभर मोकळा. मुलगा शेत पाहतो. घरी तो, सून, नात आणि मी. बायको गेल्या उन्हाळ्यात गेली.

तेव्हा मला रडू आलं नाही, अजूनही आलेलं नाही. हातपाय चालतात. मेथीच्या जुड्या पहिल्यासारख्याच बांधतो. फक्त घरी घास घशाखाली उतरत नाही. ताट समोर आलं की सून चुलीपाशी थांबते आणि पाहते. मुलगा मोबाइलवरून नजर काढून पाहतो. नातही पाहते. कोणी काही म्हणत नाही. म्हटलं असतं तर मी उलटं बोलून मोकळा झालो असतो. नुसतं पाहतात, तेच जड जाते.

म्हणून मी कारंज्यात जेवायला लागलो. बसस्टँडच्या मागच्या बाजूला एक हॉटेल आहे. ताट येते, आपण खातो, हात धुतो, निघतो. चव काही कळत नाही, पण पोट भरते. घरी येऊन भूक नाही म्हणायचं आणि अर्ध्या भाकरीशी खेळत बसायचं.

आता हे बाहेर कळून चालत नव्हतं. आमच्याकडे बाहेरगावी कामाला गेलेला माणूस हॉटेलात जेवला तर हरकत नाही. पण घर हाकेवर असताना, घरात सून असताना म्हातारा रोज हॉटेलात ताट घेतो म्हटलं की गाव एकच अर्थ काढते. सून जेवायला घालत नाही. आमची सून तशी नाही. तिच्या नावाला माझ्यापायी डाग लागला असता, आणि मी गावभर खरं सांगत फिरणारा माणूस नाही.

आणि नेमका त्या हॉटेलातला वेटर बोलका. चाळिशीचा गडी, किन्हीराजाकडचा, लग्न झालेलं नाही. वरणाचं भांडं घेऊन आला की उभाच राहायचा. कोणतं गाव, किती लेकरं, शेतात काय. हॉटेलात माणसं असली म्हणजे मी आजूबाजूला पाहून घ्यायचो, आमच्याकडचं कोणी ऐकत तर नाही ना.

त्याला तोडून बोलणं मला पटत नव्हतं. ज्याच्या हातात आपलं जेवण आहे त्याच्यावर खेकसायचं नाही, हे आम्हाला घरातच शिकवलेलं. मी दुसरे उपाय करून पाहिले. तो येताना दिसला की मोठा घास तोंडात कोंबायचो. तो घास संपेपर्यंत थांबायचा. वर्तमानपत्र उघडून बसलो, तर शेजारी येऊन तोच मला बातम्या वाचून दाखवायला लागला. मग ऐकू येत नाही असं दाखवलं. तो इतक्या मोठ्यानं बोलायला लागला की चार टेबलांना माझी सगळी माहिती झाली. मी लगेच बरा झालो.

एक दिवस वरण वाढता वाढता त्यानं विचारलं, "बाबाजी, सून हाय ना घरी? मंग देत नाही काय जेवाले?"

मी घास खाली ठेवला. म्हटलं, "सून चांगली हाय. तू वरण वाढ."

जेवण झाल्यावर हात धुवायच्या जागी त्याला थांबवलं. आवाज चढवला नाही. म्हटलं, "हे पाय भाऊ, तुह्या बोलण्याचा मले राग नाही. पण घरचं नको विचारू. माह्या सुनेवर नाव येते."

तो खांद्यावरच्या फडक्यानं हात पुसत राहिला. "मंग पाऊसपाण्याचं बोलू काय?"

"बोल. मी हूं म्हणन."

ते त्यानं पाळलं. ऊन, ढग, बसचे हाल, जऊळक्याला कोणती गाडी थांबते आणि कोणती नाही. मी हूं म्हणायचो. त्यातलं एक अक्षर माझ्या ध्यानात नाही.

मग एके दिवशी आमच्या गावातलाच एक जण चहा प्यायला तिथे शिरला. ह्याच्या कानावर पडलेली गोष्ट संध्याकाळपर्यंत प्रत्येक ओट्यावर पोचते, अशी त्याची ख्याती. माझ्यासमोर ताट, बोटांना वरण. तो समोर येऊन बसला आणि हसला.

"काहून काका, आज इथं? घरी चूल पेटली नाही वाटते."

नाही म्हणावं तर ताट समोर, हो म्हणावं तर सुनेचं नाव गेलं. तेवढ्यात वेटर आला आणि माझ्या ताटात न मागता आणखी एक पोळी टाकली.

"त्याइले मीच बसवलं," तो म्हणाला. "मालकाले नातू झाला. आज भाजीवाल्याइले आमच्याकडून जेवण हाय. बाबाजी नाहीच म्हणत होते, हात धरून बसवा लागलं."

मालक गल्ल्यावर होता. त्यानं मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. गाववाला म्हणाला, मंग आमचं काय चुकलं, आमी भी भाजी लावतो. वेटरनं त्यालाही ताट आणून दिलं. तो पोटभर जेवला, नातवाला आशीर्वाद दिला आणि मोटरसायकलवर निघून गेला.

त्याच्या ताटाचे पैसे मी द्यायला गेलो. वेटरनं माझा हात मागे केला. माझ्यासमोर बसला. तो बसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.

"आता सांगा बाबाजी. घरी काहून नाही जेवत?"

ह्या वेळी त्याला गप्प करायचा मला हक्क नव्हता. मी म्हटलं, "बुढी गेल्यापासून सारे माह्या ताटाकडेच पायत राह्यतात. घास नाही उतरत."

बोललो आणि काहीच झालं नाही. छाती हलकी झाली नाही, डोळे भरले नाहीत. कोणीतरी पाणी मागितलं म्हणून तो उठला.

घरी पोचलो तेव्हा बातमी माझ्याआधी आली होती. सून दारातच म्हणाली, "बाबा, हाटेलात जेवण होतं म्हणे आज. मालकाले नातू झाला."

हो म्हटलं.

"चांगलं जेवले काय?"

"पोटभर."

तिनं माझं ताट मांडलं नाही. बायको गेल्यापासून असं पहिल्यांदाच झालं. मी जेवल्याशिवाय ती जेवत नाही, आणि माझं जेवण लांबते म्हणून तिचंही रोज थंड होते, हे मला माहीत होतं. आज तिनं गरम भाकरी घेतली आणि खाली बसली. काय काय होतं ते सांगा म्हणाली. मी दाराच्या चौकटीला टेकलो आणि सांगितलं, वरण होतं, वांग्याची भाजी होती, पोळ्या होत्या. गोड काय होतं, तिनं विचारलं. गोड काही नव्हतं.

"जिलबी," मी म्हटलं.