कंपनीची पेटी

झुलाल मिस्तरी वाईट माणूस नव्हता, असं त्याच्या गावात, असोद्यात, आजही म्हणतात. म्हणोत बापडे.

जळगावच्या एका जिनिंग कंपनीने पंचावन्न साली लष्कराची जुनी लॉरी घेतली, तिला निळा रंग फासला आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या पोरांना सुतारकाम शिकवायला पाड्यापाड्यांवर धाडली. शिकवणारा झुलाल. लॉरी यायच्या दिवशी एका पाड्यावरच्या बिजलाचा थोरला मुलगा मानसिंग कोसभर सामोरा जायचा. वर्षभरात त्याचा रंधा असा फिरू लागला की खुद्द झुलालला हेवा वाटावा.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षभराचे शेतगडी, सालदार, ठरतात. सावद्याच्या एका केळीवाल्याने मानसिंगला सालावर मागितलं होतं. शिकून निघणाऱ्याला हत्यारांची पेटी, असं कंपनीने जाहीर केलेलं. म्हणून त्याने झुलाललाच विचारलं, "भाऊ, माले पेटी भेटी ना?"

पेटी एकच आहे आणि ती फोटोपुरती आहे, हे झुलालला पक्कं ठाऊक होतं. पण कंपनीच्या साहेबांना फोटोत पोरगा हवा होता आणि झुलालला नोकरी. "भेटी ना रे," तो म्हणाला. मानसिंगने साल नाकारलं. ती जागा दुसऱ्याने धरली.

आखाजीनंतर आठवड्याने साहेब आले. हार झाला, पेटी दिली, फोटो झाला. साहेबांच्या मोटारीची धूळ बसायच्या आत झुलालने पेटीला हात घातला. मानसिंग कडी सोडेना. तेव्हा या भल्या माणसाने त्याचं एकेक बोट उचकटलं.

"फोटोमा ते मन्हा हातमाच शे ना, भाऊ?"

"आते दुसरा गावमा फोटो शे," झुलाल म्हणाला आणि पेटी लॉरीत टाकली.

मानसिंगने त्याच दिवशी पाडा सोडला. कंपनीने जळगावला कामावर बोलावलंय, असं बापाला सांगून गेला. खरं सांगायची लाज वाटली असणार.

पुढच्या वर्षी लॉरी पुन्हा आली. बिजलाने झुलालसाठी खाट टाकली, पाणी दिलं आणि विचारलं, "मन्हा मानसिंग बरा शे ना तुमनी कंपनीमा?"

मानसिंग कंपनीत कधी आलाच नव्हता. तो कुठे गेला, हे कुणालाच माहीत नव्हतं. झुलालने पाणी न पिताच तांब्या खाली ठेवला, एवढं त्याच्या बाजूने सांगता येईल.

"बरा शे," तो म्हणाला.

म्हातारा हरखला. "मंग धाकल्यानंबी नाव लिखी ल्या."

झुलालने वही काढली आणि नाव लिहून घेतलं.