गाण्याच्या सुरुवातीचं रडणं

हे म्या आजवर कोणाले सांगतलं नाई. बायकोले नाई, आईले नाई. तुम्हाले काहून सांगून राह्यलो, तेही मले धड समजत नाई — पण आता तोंड उघडलं त अर्ध्यावर सोडणार नाई.

दारव्ह्यात आमचा तिघांचा बँड होता. माह्या बापाच्या मंडप-डेकोरेशनच्या गोदामात, गाद्यांच्या थप्प्यांमधी, आमची प्रॅक्टिस चाले. गाणं मी म्हणो, ड्रमवर एका मास्तरचा पोरगा, आन गिटारवर अरुण. अरुण बोरी अरबजवळच्या बंजारा तांड्यावरचा. हात असा गोड त्याचा, का बस! त्याच्यापुढं मी म्हणजे नुसता भोंगा. जळत होतो का मी त्याच्यावर? जळत होतो ना.

आमचं पयलं गाणं निघणार होतं. अरुण कापूस वेचाईत अडकलेला, म्हणून यवतमाळच्या स्टुडिओत शेवटच्या मिक्सिंगले मी एकटाच गेलतो. गाणं आयकलं. बरं होतं — बस, बरंच. आन माह्या फोनमधी...

थांबा. आधी ढावलो सांगतो. तांड्यावर पोरगी सासरी निघाली का एकेकाच्या गळ्यात पडून गात गात रडते, तो ढावलो. त्यात ती मनातलं काहीबी बोलते, कोणी मनावर घेत नाई. अंगणातलं अंगणातच राह्यते. अरुणच्या बहिणीनं, सवितानं, त्यात म्हटलं होतं — बापू, मले शिकाचं होतं, मले या घरी देऊ नोका. अरुणनं ते फोनमधी भरून ठेवलं होतं. एक दिवस गोदामात मले आयकवलं, अर्थ सांगतला, डोळे पुसले, आन चहा आणाले गेला. फोन तिथंच. तेवढ्यात म्या ते त्याच्या फोनवरून माह्या फोनवर पाठवून घेतलं. कायले? अजून मले सांगता येत नाई.

तेच रडणं म्या गाण्याच्या सुरुवातीले लावलं. अर्थ माहीत असून. कोणाले न विचारता.

गाणं असं चाललं, बाप रे! ज्याच्या त्याच्या लग्नाच्या रीलवर तेच. चार दिवसांत सविताच्या सासरी पोचलं — आन तिथं त्या बंजारा बोलीचा शब्द न् शब्द समजते. सासू म्हणे, यायचंच नव्हतं त आली कायले? नवऱ्यानं तिले माहेरच्या अंगणात आणून सोडलं. ती भावाले एवढंच म्हणाली, का तू माह्यं रडणं बाजारात मांडलं. तवापासून त्याच्याशी एक शब्द नाई.

अरुण माह्याकडं आला. भांडाले नाई — विचाराले. म्या म्हटलं, "तूच त पाठवलं बे, गिटारच्या फाइलींसोबत. मले वाटलं, टाक म्हणून राह्यला." त्यानं फोन काढून पाह्यला. होतंच ना! त्याच दिवशीच्या फाइलींच्या खाली, त्याच्याच फोनवरून आलेलं. म्हणे, "माह्याच हातानं चुकून गेलं असन बे." तवा तरी बोलाचं होतं मी. नाई बोललो. भेकड हाय मी, दुसरं काय?

गाणं आम्ही काढून टाकलं. अरुणनं गिटार सोडली, राजूरले कोळशाच्या खाणीवर कामाले लागला. सविता माहेरीच हाय. राखीले तो घरी येते, आन ती आतल्या खोलीची कडी लावून घेते.

यंदा पोळ्याच्या बाजारात भेटला. माहे दोन्ही हात धरले. म्हणे, "भाऊ, माह्या एका चुकीनं बहिणीचं घर मोडलं, आन तुहं गाणंबी गेलं. माफ कर मले."

आन म्या — म्या त्याच्या खांद्यावर हात ठेवला, आन म्हटलं, "जाऊ दे. केलं माफ."