नव्वद दिवसांची पाहुणी

अर्जदाराचे नाव: श्रीमती पोन्नम्मा मुनुसामी. वय: एकसष्ट. नागरिकत्व: मलेशिया. जन्म पेराक राज्यात, सबब सारावाक राज्यात बाहेरील व्यक्ती. सध्याचा दर्जा: पाहुणी. मुक्कामाची मुदत: नव्वद दिवस.

ही पाहुणी एकतीस वर्षं सारावाकातल्या सेरियान गावाजवळच्या एकाच घरात राहत होती. देश एकच, पण सारावाकात बाहेरच्यांपैकी कोणी राहायचं हे सारावाक सरकार ठरवतं. घटनेनेच तशी मुभा दिलेली. नवरा जिपेम तिथलाच, बिदायुह जमातीचा. तो होता तोवर त्याच्या सहीवर पाच-पाच वर्षांचा परवाना निघे. तीन वर्षांपूर्वी तो गेला, आणि सहीही गेली. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी पोन्नम्मा बसने तेबेडूच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर जाई, पलीकडे इंडोनेशियात एक कॉफी घेई आणि परत फिरे. परदेशी जाऊन आलं की स्वदेशात नव्वद दिवस नव्याने मिळत. आताशा गुडघे ऐकत नव्हते. ही येरझार एकदाची थांबावी, एवढंच तिचं मागणं.

या खेपेला परतताना तिने नाक्याच्या खिडकीतून दोन पत्रं आत सरकवली. आतली कारकून दायांग तिला ओळखत होती.

“मावशी, झाली कॉफी?”

“झाली. नुसता साखरेचा पाक, मेला! हे वाच आधी.”

देशाच्या राजधानीने कळवलं होतं, मुक्कामाचा विषय राज्याच्या अखत्यारीतला. राज्याने कळवलं होतं, अर्जदार देशाच्या नागरिक, तरी केंद्राकडे विचारणा करावी.

“यातलं खरं कोणाचं गं?”

“दोघांचंही, मावशी.”

“मग दे की कायमचा परवाना.”

“जामीन राहायला इथला माणूस लागतो. दीर आहेत ना तुमचे?”

“तो भावाच्या मागोमाग गेला. पुतण्या सिंगापुरात असतो. त्याला तिथला परवाना आहे.”

दायांगने पत्रं नीट घडी करून परत दिली आणि शिक्का उचलला.

“येण्याचं कारण?”

“घरी चाललेय.”

“त्याला रकाना नाही. भेट लिहू?”

“लिही.”

“कोणाची?”

“नवऱ्याची.”

“अहो, पण ते तर...”

“म्हणून तर मला जावं लागतं. तो थोडाच येणार आहे?”

रांगेत मागे कोणीतरी हसलं. दायांग हसली नाही. तिने मुक्कामाच्या चिठ्ठीवर ‘भेट’ लिहिलं, शिक्का मारला.

“मुदत संपायच्या आत परत जायचं हं मावशी. म्हणजे... जाऊन यायचं.”

चिठ्ठीवर मुदत संपायची तारीख वीस ऑगस्ट होती. दुसऱ्या दिवशी पोन्नम्माने परसात मिरीचे चाळीस वेल लावले. मिरीला पहिलं पीक यायला तीन वर्षं लागतात.