आत्याबाईंनी गोदावरीत पाहिलेले मासे

आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी कमेंटमध्ये मला शहाणपण शिकवायला नको. मी भुतंखेतं मानत नाही. लिंबू-मिरची बांधलेल्या रिक्षात बसताना मी ब्रेक लागतो का ते विचारते. कोणाच्या अंगात आलं की मला आधी हसू येतं, मग त्या बाईच्या कमरेची काळजी वाटते. तरीसुद्धा पुणतांब्याच्या घाटावर एका सकाळी जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी... खरं तर माझ्या नाही, सासूबाईंच्या डोळ्यांनी. तेच तर सांगायचंय.

सत्तर-एकाहत्तरच्या आसपासची गोष्ट. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि त्यातले दोन महिनेसुद्धा नवरा वाट्याला आला नव्हता. आमचे हे, भाऊसाहेब, अंदमानला धक्क्याच्या कामावर पाणबुडे होते. गोदावरीत पोहून तयार झालेला माणूस, आधी मुंबईच्या गोदीत लागला आणि तिथून थेट बेटावर. सुट्टीच्या दिवशी रबरी कडेचा, नाकही झाकणारा काचेचा चष्मा डोळ्यांवर चढवायचा, तोंडात नळी धरायची आणि पोवळ्याच्या खडकांवर पालथं तरंगत मासे बघायचे – हा त्यांचा शौक. पत्रात मासेच मासे! बायकोची चौकशी शेवटच्या ओळीत.

त्या वर्षी त्यांना तिथे राहायला खोली मिळाली. मला न्यायला म्हणूनच आले होते. मी ट्रंक भरून बसले, आणि सासूबाई आडव्या आल्या. आम्ही त्यांना आत्याबाई म्हणायचो. बाई प्रेमळ, पण एकदा न्हाई म्हटलं की ब्रह्मदेव आला तरी न्हाईच.

"काळ्या पान्यावर सून धाडत न्हाई मी. तिथं गेलेलं मानूस माघारी येतंय व्हय?"

"आई, ते इंग्रजांच्या वेळचं. आता कैदी कोण पाठवतंय?"

"कैदी न्हाईत, पर पानी तर काळंच हाय न्हवं?"

त्यांना खरंच वाटायचं की तिथलं पाणी डांबरासारखं काळं आहे, मुलगा रोज त्यात उडी मारतो, आणि आता सूनही तळाला जाणार. घरात थोरले दीर-जाऊ होते, म्हणजे आत्याबाईंकडे कोण बघणार हा प्रश्न नव्हता. भीती होती ती फक्त त्या पाण्याची. ह्यांची सुट्टी संपत आली होती, आणि मी चुलीपुढे धुराच्या नावाने रडून घेत होते.

संक्रांत होऊन गेलेली. नदीला कमरेएवढं नितळ पाणी, ऊन चांगलं वर आलेलं. घाटावर आत्याबाई आंघोळीला, मी धुण्याला, आणि हे तो चष्मा घेऊन आलेले.

"आई, एकदा तोंड घालून बघ तरी. पाण्यात दिसायला लागलं की भीती जाते."

"मला न्हाई असले माकडचाळे करायचे," म्हणत म्हणत त्यांनी पदर खोचला. चष्म्याखाली कुंकू फिसकटलं, नळी तोंडात गेल्यावर ठसका लागला, ह्यांना एक शिवी हासडली. मग पायरीला धरून ओणव्या झाल्या आणि तोंड पाण्यात घातलं.

आणि उठेचनात!

नळीतून श्वासाचा फसफस आवाज येत होता, म्हणून आम्ही घाबरलो नाही. पाण्यातला हात मधूनच पुढे जायचा, काहीतरी धरायला गेल्यासारखा. माझं निम्मं धुणं झालं. शेवटी ह्यांनी खांद्याला हात लावला तेव्हा वर आल्या. चष्मा कपाळावर, गालावर कुंकवाचे ओघळ, आणि चेहरा... माहेरी राहून आलेल्या बाईचा असतो ना, तसा.

"भाऊ, काळं कुठं हाय रं? निळं हाय की पानी! मोराच्या मानंगत."

"अगं आई, ही नदी—"

"गप. खाली दगडाची झाडं हायती, बिनपानाची. एक दगूड तर बकऱ्याच्या भेज्यावानी. हळदीच्या अंगाचे मासे, डोळ्यात काजळ. एक हिरवा, पोपटाच्या चोचीचा, त्यो दगडच खातुया! कुरुम कुरुम वाजतंय, ऐकू आलं मला. आन् एक मोठाला करडा आ वासून हुबा हाय, दाढीला बसल्यागत. बोटाएवढा निळा मासा त्याच्या तोंडात जातो, दात कोरतो, गालफडं साफ करतो आन् भाईर येतो. त्यो मोठा त्याला गिळत न्हाई बग! मागं दुसरे थांबल्यात, आपली पाळी कवा येती म्हनून."

हे वाकून पाण्यात बघायला लागले.

मी चष्मा ओढून घेतला आणि तोंड घातलं. वाळू, शेवाळ, चार पांढरट मासुळ्या आणि माझीच जोडवी. मग ह्यांनी पाहिलं. वाळूच.

"तुम्हीच सांगितलं असेल हो त्यांना," मी म्हटलं.

"रंगांचं सांगितलंय," हे हळूच म्हणाले. "पण तो आवाज... आणि तो न्हावी मासा तर मी इकडे निघायच्या जरा आधी पहिल्यांदा पाहिला, सुमन. थापा मारतो म्हणाल म्हणून बोललोच नाही कुणाला."

"आई, पुन्हा एकदा बघ ना."

"पोट भरलं माझं. एका पंगतीत दोनदा बसतंय का कोन?" आत्याबाई केस पिळत म्हणाल्या. मग माझ्याकडे बोट केलं. "ही आली तर हिला दिसंल हे?"

"दिसेल की."

"मग ने. पर हिला बी असा येक चष्मा घिऊन दे. तुझा उष्टा नको."

मला एकदम हसू आणि रडू दोन्ही फुटलं. ओल्या अंगाच्या सासूला मी भर घाटावर मिठी मारली. त्या काळात असं कोणी करत नसे, पण आनंदच तेवढा झाला होता.

आता म्हणा, नळीतून श्वास घेऊन गरगरलं असेल. म्हणा, उन्हाची तिरीप. पण गावात टीव्ही नव्हता, आत्याबाईंनी जन्मात एकच सिनेमा पाहिलेला, तोही देवादिकांचा आणि काळा-पांढरा. आणि भेजा, पोपटाची चोच, दाढी – हे शब्द त्यांचेच होते, कोणी पढवलेले नव्हते.

मद्रासहून बोटीने मी बेटावर पोचले. पहिल्या दिवशी पाण्यात तोंड घातलं, ते कुरुम कुरुम ऐकू आलं, आणि मी चष्म्यातच रडले. चष्म्यात रडू नये. काच धुरकटते आणि नाक पुसता येत नाही. न्हावी मासा सापडायला काही महिने लागले. सापडल्यावर मात्र मी त्या खडकावरून हलेना, हे हाका मारून दमायचे.

पुढच्या सुट्टीत पुणतांब्याला आलो. आत्याबाई भाकरी थापत होत्या, मी समोर ताट घेऊन बसले होते.

"आत्याबाई, तुमचा न्हावी पाहिला मी."

"व्हय? आन् त्यो शेपटी फाटलेला म्हातारा? हाय का अजून?"

त्या खडकावर नेहमी पहिल्या नंबरावर थांबणाऱ्या करड्या माशाच्या शेपटीचा वरचा कोपरा फाटलेला होता. हे मी कोणापाशी बोलले नव्हते, ह्यांच्यापाशीसुद्धा नाही. आणि घाटावर त्या दिवशी आत्याबाईंनी शेपटीचं नावही काढलं नव्हतं.

"आहे," मी म्हटलं.

"बरा हाय न्हवं?"

"बरा आहे."

"बरं झालं बाई," म्हणत त्यांनी भाकरी परतली.

पन्नास वर्षं उलटून गेली. आमचे हे अजूनही "योगायोग गं" म्हणतात आणि पुढचं वाक्य गिळतात. मला तर कारण सापडलं नाही, आणि खरं सांगायचं तर शोधायची फार हौसही राहिली नाही. आत्याबाई होत्या तोवर मी दर सुट्टीत त्यांच्या मागे लागायचे – चला एकदा बेटावर, नाहीतर घाटावर तरी पुन्हा चष्मा लावून बघा. त्या हात झटकायच्या.

"तू बघतीस न्हवं तिथं?" म्हणायच्या. "मग मला दिसतंय की."