रकान्यात लिहिलेला क्रमांक

एम.ए.च्या पहिल्या वर्षी सरांनी मला त्यांच्या अभ्यासाच्या प्रश्नावल्या भरायला घेतलं. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. आई गोंदियाजवळच्या मुर्रीहून राइस मिलमध्ये कामाला जायची. 'संशोधन सहायक' हे शब्द मी तिला दोन-तीनदा म्हणून दाखवले होते.

अभ्यास अंगणवाड्यांचा होता. चिचगडच्या पुढे, जंगलातल्या एका टोल्यावर, म्हणजे लहानशा पाड्यावर, मी मार्चमध्ये गेलो. मोहफुलांचे दिवस होते. फुलं पहाटे गळतात आणि ऊन चढायच्या आत वेचावी लागतात, म्हणून बाया उजाडताच निघतात. तिथल्या अंगणवाडीच्या बाई त्या दिवसांत सहालाच कुलूप काढायच्या, लेकरं सांभाळायच्या आणि दहाला, म्हणजे नियमाने उघडायच्या वेळी, बंद करायच्या. हे त्यांनी मला सहज सांगितलं. मी ते सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. खरं ते लिहायचं, एवढंच मला शिकवलं होतं.

अहवालात कुणाचं नाव येणार नाही, असं मी त्यांना म्हटलं होतं. आलंही नाही. टोल्याचं नाव तेवढं आलं. टोल्यावर अंगणवाडी एकच.

दोन वर्षांनी कॉलेजचं मूल्यांकन आलं. सरांच्या अर्जात एक रकाना होता: संशोधनाचा शासकीय धोरणावर झालेला परिणाम. त्यात सरकारी पत्राचा क्रमांक लिहायचा होता. मोहफुलांच्या दिवसांत अंगणवाडी पहाटे उघडावी, अशी शिफारस सरांनी अहवालात केली होती. ती कुणी मानली का, हे शोधायचं काम माझ्याकडे आलं. पुढच्या नोकरीसाठी मला सरांचंच पत्र लागणार होतं, त्यामुळे नाही म्हणणं जमलं नाही. कार्यालयांतून फिरलो. अहवाल बहुतेक ठिकाणी होता, कपाटावर, दोरीने बांधलेल्या गठ्ठ्यात. एका बाबूने मला पाणी दिलं आणि विचारलं, "इसका करना क्या था?"

शेवटी टोल्यावर गेलो. बाईंनी ओळखलं. आतून एक कागद आणला. कारणे दाखवा नोटीस होती. केंद्र ठरलेल्या वेळेत बंद असतं, असं त्यात लिहिलं होतं, आणि आधार म्हणून आमचा अहवाल, पान क्रमांकासह. सुनावणी आठ दिवसांवर आली होती.

"तूच लिहून नेलं होतं ना बापू," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "आता तुया सरायकडून लिहून आण, का मी पोरायसाठीच उघडत होतो. नाही तं माही नोकरी जाते."

चिचगडला त्या कागदाची झेरॉक्स काढली आणि गोंदियाला आलो. सरांनी ती वाचून चष्मा पुसला. मला वाटलं, त्यांना वाईट वाटलं. वाटलंही असेल. मग म्हणाले, "यात आपल्या अहवालाचा संदर्भ आहे. सरकारी पत्र आहे, क्रमांक आहे. दुसरं काही मिळालं नाही ना?"

मी बाईंना हव्या असलेल्या पत्राचा विषय काढला. ते म्हणाले, बघू, आधी अर्ज जाऊ दे. मी तिथेच उभा राहिलो. शेवटी त्यांनी लेटरहेड ओढलं आणि चार ओळी लिहून सही केली. मग अर्ज माझ्यापुढे सरकवला. नोटिशीचा क्रमांक मी माझ्या हाताने रकान्यात लिहिला. नोटीस कशाबद्दल होती ते लिहायला तिथे जागा नव्हती. असती तर लिहिलं असतं का, हे मला अजून सांगता येत नाही.

बाईंची नोकरी राहिली. सक्त ताकीद मिळाली.

पुढच्या मार्चमध्ये मी चिचगडला मुक्काम करून सकाळीच टोल्यावर पोचलो. अंगणवाडीला कुलूप होतं. बाया टोपल्या घेऊन जंगलाकडे चालल्या होत्या, तान्ही कडेवर, चालती पोरं मागे. बाई आपल्या घराच्या दारात उभ्या राहून त्यांच्याकडे बघत होत्या. माझी वही पिशवीतच होती, तरी त्यांची नजर तिच्यावर गेली.

"आता दहालेच उघडतो," त्या म्हणाल्या. "हे बी लिहून घे."