माटोळीची तुळई

गोव्यात पाळी गावाला आमच्या घरामागे एक खोली आहे. गावची खाण जोरात होती तेव्हा बाबांनी ती भाड्याने देण्यासाठी बांधली. दोडामार्गाकडचे एक ट्रकचालक बायकोला घेऊन तिथे राहायला आले, ते आजही आहेत. मी त्यांना काका-काकी म्हणतो. त्या खोलीच्या भाड्यातूनच माझी कॉलेजची फी भरली जायची. घरातला मी पहिला पदवीधर. वास्कोच्या बंदरात नोकरी करतो, पण ही खोली विसरलेलो नाही.

बाबा थकल्यावर घराचा कारभार माझ्याकडे आला. गावातल्या भाड्याच्या खोल्यांना आता फरश्या असतात, आत न्हाणी असते. एका रविवारी मी काकीच्या दारात बसलो आणि सांगितलं, की आत न्हाणी करून देतो, फरश्या घालतो, कौलांखाली पांढरं सिलिंग बसवतो. भाडं मात्र थोडं वाढेल.

न्हाणीचं ऐकून काकीचा चेहरा खुलला. गुडघे धरल्यापासून पावसात परसातल्या न्हाणीपर्यंत जाणं तिला जड जायचं. मग तिने वर पाहिलं.

"आणि माटोळी खंय बांधतलंव?"

सिलिंगाने तुळई झाकली जाईल, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचं गावचं घर पडलं, तेव्हा बाबांनीच त्यांना गणपती या खोलीत पूजायला सांगितलं होतं. चवथीच्या आदल्या दिवशी काका गणपतीच्या वर, छपराच्या तुळईला माटोळीची लाकडी चौकट टांगायचे. मी खालून सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, तोरिंजन द्यायचो. रात्रभर त्या फळांचा ओला वास आमच्या घरापर्यंत येत राहायचा.

"सिलिंगाक बांधूया मगे," काका म्हणाले. "गणपतीच्या डोक्यार चिबूड पडलो की तुझ्या बापाशीक सांगतंय."

काकी हसली नाही. "सिलिंग नको म्हटलं, तर खोली दुसऱ्याक देतलंस?"

"नाय गे काकी. सिलिंगच नको."

न्हाणी झाली, फरश्या झाल्या, भाडं तेवढ्यापुरतं वाढलं. तुळईला मी सुताराकडून तेल लावून घेतलं.

यंदा काकांना स्टुलावर चढवेना. मी चढलो. खाली उभं राहून ते एकेक घोस वर देत होते.

"घट बांध रे," ते म्हणाले. "शिकलेल्यांची गाठ सुटता."

मी आणखी एक वेढा घेतला.