सोळा ताटांचं शेत

नव्या शहरासाठी काशीची भाताची जमीन गेली, त्याला सात-आठ वर्षं झाली होती. उरलं होतं वाशीजवळच्या गावातलं घर आणि घरामागचं परस. तरी रोज उजाडता ती कोयता कमरेला खोचून परसात जायची, दहा एकरांची मालकीण निघावी तशी.

एक्क्याऐंशी साली गावात बायकांचा साक्षरतेचा वर्ग निघाला. शिकवायला वाशीच्या फ्लॅटमधली सुनीती यायची. तिनं वहीत काशीच्या नावापुढे 'घरकाम' लिहिलं आणि वाचून दाखवलं.

"शेती लिव, बाय," काशी म्हणाली.

"पण शेत कुठंय, मावशी?"

"परसात हाय."

सगळ्या बाया हसल्या. सुनीतीही हसली. पण दुसऱ्या दिवशी तिनं एक पुडी आणली. भावानं परदेशातून आणलेलं गोड मक्याचं बी. "आमच्या गॅलरीत एक कणीस धरलं नाही. तुम्ही पिकवून खाऊ घाला, मग लिहिते."

दिवाळीत काशीनं दहा दाणे कुंपणाच्या कडेनं एका ओळीत टोकले. तिचा बाप भाताच्या बांधावर मका असाच लावायचा. ताटं डोक्याएवढी झाली, तुरे आले, कणसं धरली. सोलून बघते तर दाणे चार इथं, दोन तिथं.

"तुज्यासारकंच बोळकं!" नवरा गोटीराम म्हणाला.

"तुमी गप बसा."

मग तिला आठवलं, तुरे फुलले तेव्हा वाळत घातलेली लुगडी पिवळ्या भुकटीनं माखायची. बापाच्या वेळी शेजारपाजारचे सगळे बांध मक्याचे होते. इथं एकच ओळ. खाडीचा वारा तुऱ्यांची भुकटी कणसांच्या केसांवर पडूच देत नव्हता, सगळी लुगड्यांना वाटत होता.

संक्रांतीला तिनं पुडीतल्या उरलेल्या दाण्यांचा चौकोनी वाफा केला. चार ओळी, ओळीत चार ताटं. तुरे फुलताच रोज सकाळी एकेक ताट हलवायची, लेकराला जोजवावं तसं.

पाडव्यानंतर कणसांचे केस वाळले. नखानं दाणा दाबला तर दूध उडालं. काशीनं सुनीतीला बोलावलं, आधी चुलीवर आधण ठेवलं, पाणी खळखळल्यावरच कणसं मोडली.

"मोडल्यावर उशीर केला का गोडी पलते," ती म्हणाली.

सुनीतीनं गच्च भरलेल्या कणसात दात रोवले. रस हनुवटीवरून ओघळला. खाऊन झाल्यावर तिनं हसत वही उघडली, पेन काढलं. काशीनं हात पदराला पुसले आणि पेन मागून घेतलं.

"मीच लिवते."

'घरकाम' खोडलं. जीभ ओठांत धरून दोन अक्षरं काढली. शेती.

तिकडे गोटीराम वाफ्यात शिरून उरलेल्या दोन कणसांना हात घालत होता. काशी तिथूनच ओरडली, "ती सोरा! बियाची हायेत!"